मातृवंदना योजनेचे पैसे कुठे अडकतात? या चुका टाळा

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाच्या वेळी ५,००० रुपये मिळतात, ३,००० आणि २,००० अशा दोन हप्त्यांत. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६,००० रुपये एकरकमी. अर्ज मंजूर दिसतो, पण खात्यात काहीच येत नाही, ही नेहमीची तक्रार. अशा वेळी आशाताईंशी वाद घालण्याआधी बँकेत जा.

खात्याला आधार जोडलंय, एवढ्यावर थांबू नका

हे पैसे अर्जातला खाते क्रमांक बघून येत नाहीत, आधार क्रमांकाच्या मागे येतात. एका बाईची तीन खाती असतील आणि तिन्हीकडे आधारची झेरॉक्स दिलेली असेल, तरी थेट लाभासाठी (डीबीटी) नोंद एकाच बँकेची असते, सगळ्यांत शेवटी जिथे ‘आधार सीडिंग’, म्हणजे थेट लाभासाठी खात्याची आधारशी जोडणी झाली, तिची. त्यामुळे पैसे लग्नाआधीच्या विसरलेल्या खात्यात पडतात, किंवा ते खातं बंद असेल तर परत जातात. बँकेत ‘केवायसी झालंय का?’ असं विचारलं की ‘हो’ म्हणतात, आणि घोळ तसाच राहतो. ‘डीबीटीसाठी सीडिंग आमच्याच बँकेत आहे का?’ असं विचारा. आधारच्या संकेतस्थळावरही बँक सीडिंगची स्थिती दिसते. खातं बाईच्या स्वतःच्या नावाचंच हवं. नवऱ्याचं चालत नाही.

माहेरचं नाव, सासरचं नाव

आधारवर माहेरचं आडनाव आणि माता-बाल संरक्षण कार्डावर सासरचं, असं असेल तर अर्ज पडताळणीत अडकतो. अर्जात नाव आधारप्रमाणेच लिहा. आधारवरचं नाव बदलायचंच असेल तर अर्जाआधी बदला, अर्ध्यात नको. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाताना कार्ड बरोबर न्या आणि तिथे पुन्हा नवा अर्ज भरू नका. त्याच बाळासाठी एकाच आधारवर दुसरा अर्ज नाकारला जातो.

तारखांचा घोळ

पहिल्या हप्त्यासाठी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी लागते. खासगी डॉक्टरकडे तपासण्या झाल्या पण सरकारी कार्ड काढलंच नाही, म्हणजे नोंदच नाही. पाळीची तारीख अंदाजाने सांगू नका, पुढचा सगळा हिशेब तिच्यावर चालतो.

दुसरा हप्ता जन्मनोंदणी आणि लसीकरणाच्या पहिल्या फेरीनंतरचा. दीड महिन्याची लस झाली की लगेच मागणी करणारे बरेच असतात. पण फेरी १४व्या आठवड्याच्या डोसानेच पूर्ण होते, म्हणजे बाळ साधारण साडेतीन महिन्यांचं झाल्यावर. प्रत्येक डोसाची तारीख कार्डावर लिहून घ्या.

अर्जाची मुदत पहिल्या बाळासाठी शेवटच्या पाळीपासून ५७० दिवस, दुसऱ्या मुलीसाठी जन्मापासून २७० दिवस.

‘आपल्याला कुठे मिळतंय’ म्हणून अर्जच न करणं

केवळ दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असलेल्यांपुरती ही योजना नाही. ई-श्रम कार्ड, मनरेगा जॉब कार्ड, आयुष्मान कार्ड, किसान सन्मान निधी किंवा वार्षिक ८ लाखांपेक्षा कमी कौटुंबिक उत्पन्नाचा दाखला, यांपैकी एक पुरतं. एप्रिल २०२२पासूनच्या नियमांत नवऱ्याचं आधारही सक्तीचं नाही. गर्भपात झाला असेल तर पुढच्या गरोदरपणात नव्याने अर्ज करता येतो. शासकीय नोकरीत कायम असलेल्या बाईला मात्र लाभ नाही.

दवाखान्यातला खर्च या पैशांतून भागवावा लागत नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात आली, तर पैसे भरण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा.