माहुलीच्या रानात जीपीएस वापरताना

ठाण्याहून लोकलने आसनगावला उतरून माहुली गडाच्या रानात शिरणाऱ्याला हातात धरायच्या जीपीएसची खरी गरज भासते ती ढोरवाटांच्या जाळ्यात. मात्र यंत्रावरचा बाण गडाची केवळ दिशा दाखवतो. त्या सरळ रेषेत कडा आहे की घळ, हे ज्याचे त्याने नकाशावरून ताडायचे असते.

तयारी घरीच करावी. समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा यंत्रात उतरवून पायथ्याचे गाव, ओढा ओलांडण्याची जागा आणि माथा या खुणा नोंदवाव्यात. कोणी दिलेले अक्षांश-रेखांश भरताना ते दशांश पद्धतीत आहेत की अंश-मिनिटांत, हे तपासावे, 19.50 अंश म्हणजे साडेएकोणीस, आणि ते 19 अंश 50 मिनिटे समजून भरल्यास खूण सुमारे 37 किलोमीटर उत्तरेला सरकते.

समोच्च रेषांचे टोक चढाच्या बाजूला वळले असेल तर तो ओढा किंवा घळ समजावी, उताराच्या बाजूला वळले असेल तर डोंगराची सोंड. चढाईसाठी शक्यतो सोंडच निवडावी. येथे सह्याद्रीपुरती एक खबरदारी घ्यावी लागते. फुकट मिळणाऱ्या अनेक नकाशांतील उंची 2000 साली अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीवरून घेतलेली असून तिच्यातील दोन बिंदूंमधले अंतर सुमारे 30 मीटर असते, त्यामुळे सरळ तुटलेला कातळकडाही नकाशावर नुसत्या तीव्र उतारासारखा दिसतो. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील, तेथे कडा आहे असेच धरून चालावे.

यंत्र सुरू केल्यावर मोकळ्या आकाशाखाली काही मिनिटे थांबावे आणि चालू लागण्यापूर्वी मार्गाची नोंद चालू करावी. घळीत उपग्रहांचे संदेश कातळावर आपटून येत असल्याने स्थान इकडेतिकडे उड्या मारते. अशा वेळी हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक अधिक भरवशाचा, पण त्याला निघतानाच ठाऊक असलेली उंची भरून द्यावी लागते. स्थानकाच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असेल, तर तीच घ्यावी. (फलाट त्या उंचीच्या आसपासच असतो, एवढा फरक चालतो.)

परतताना बाण बंद ठेवून नोंदवलेल्या मार्गावरूनच उतरावे, आणि सुटे सेल पिशवीच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवावेत.