पी-91 पाइपच्या जोडाचं एसआर: आधी थंड, मग गरम

काम कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रात असो की बुटीबोरीच्या शेडमध्ये, पी-91चा (उष्णता सोसणाऱ्या क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाचा) वेल्ड केलेला जोड बहुतेक वेळा दोन कारणांनी वाया जातो. एक तर एसआरआधी (स्ट्रेस रिलिव्हिंग, म्हणजे वेल्डिंगनंतर जोड तापवून त्यातला ताण आणि ठिसूळपणा घालवणं) तो पुरेसा थंड झालेला नसतो, नाहीतर थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीचं) रीडिंगच चुकीचं असतं.

वेल्डिंग करताना जोड 200 ते 300 अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवा. वेल्डिंगचा शेवटचा पास (थर) झाला की वर गुंडाळलेली उष्णतारोधक लोकर न काढता पाइप 80 ते 100 अंशांपर्यंत उतरू द्या आणि तिथे तासभर थांबा. ऑस्टेनाइटचं (पोलादाच्या गरम अवस्थेतल्या रचनेचं) पूर्ण मार्टेन्साइट (थंड झाल्यावरची कडक रचना) होतं ते इतकं खाली आल्यावरच. 250 वरूनच एसआर लावलं, तर उरलेलं ऑस्टेनाइट एसआरनंतर थंड होताना मार्टेन्साइट बनतं. त्याचं टेम्परिंग (तापवून कडकपणा उतरवणं) झालेलं नसतं, म्हणून जोड ठिसूळ राहतो. एसआरला उशीर होणार असेल, तर या थांब्यानंतर 280 ते 300 अंशांवर 2 तास भाजा आणि जोड कोरडा झाकून ठेवा. पावसाळ्यात तर ओल लागूच देऊ नका, तडा जातो.

के-टाइप थर्मोकपलच्या दोन तारा पिळून बांधू नका. त्या सुट्या, एकमेकींपासून 6 मि.मी.च्या आत, कपॅसिटर डिस्चार्ज मशीनने (बारीक तार क्षणात वेल्ड करणाऱ्या यंत्राने) पाइपला चिकटवा. वर लोकरीचा तुकडा ठेवा, नाहीतर पाइपऐवजी तापवणाऱ्या हीटिंग पॅडचंच तापमान दिसेल. आडव्या पाइपची खालची बाजू थंड राहते. म्हणून घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी वेगळं थर्मोकपल आणि वेगळा कंट्रोल हवाच.

आता केबल. थर्मोकपलपासून रेकॉर्डरपर्यंत (तापमानाचा चार्ट काढणाऱ्या यंत्रापर्यंत) जाणारी खास कॉम्पेन्सेटिंग केबल कमी पडली म्हणून मध्ये साधी तांब्याची वायर जोडली, की घात झाला. समजा तांब्याच्या वायरचा पाइपजवळचा सांधा 80 अंशांवर आहे आणि मे महिन्यात रेकॉर्डर 45 वर. चार्ट सुमारे 35 अंश कमी दाखवेल. म्हणजे चार्टवर 760 आणि पाइपवर 795. जानेवारीच्या पहाटे रेकॉर्डर 12 वर असेल, तर हीच चूक 70 च्या घरात जाते आणि पाइप 830 ला पोचतो. पी-91ची एसी-1 रेषा (जिच्या वर पुन्हा ऑस्टेनाइट बनू लागतं ते तापमान) साधारण 800 ते 820 वर असते. इलेक्ट्रोडमध्ये निकेल आणि मँगनीज जास्त असेल, तर आणखी खाली. इलेक्ट्रोडच्या सर्टिफिकेटवर दोघांची बेरीज पाहून घ्या, 1.2 टक्क्यांच्या आत हवी.

पाइपची टोकं बंद करा, आतून वारा खेळला की आतली बाजू तापत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंना आधार द्या, कारण या तापमानाला पाइप स्वतःच्या वजनाने वाकतो. पाइपची भिंत 40 मि.मी. जाड असेल, तर 400 अंशांनंतर ताशी 100 ने चढवा, 760 अधिक-उणे 10 वर 2 तास सोकिंग करा (तापमान स्थिर धरा) आणि त्याच वेगाने 300 पर्यंत उतरवा. पुढे लोकरीतच थंड होऊ द्या. सोकिंगमध्ये वीज गेली, तर परत 760 गाठून राहिलेला वेळ भरून काढा. डीजी सेट (डिझेल जनरेटर) आधीच जोडून ठेवलेला बरा.

हार्डनेस घेण्यापूर्वी जागा 0.5 ते 1 मि.मी. घासा, वरच्या कार्बन गेलेल्या थरावर आकडा खोटा येतो. 190 ते 250 एचबी (ब्रिनेल हार्डनेस) हवं. त्याहून कडक निघालं तर थर्मोकपल तपासून एसआर पुन्हा करता येतं. 190 च्या खाली गेलं, तर घासलेली जागा आणखी खोल करून एकदा खात्री करा. आकडा तोच आला तर एसआरने ते सुधारत नाही, तो भाग कापूनच काढावा लागतो.