वेबसाइटवर एव्हीआयएफ कसं लावायचं (आणि जेपेग का उडवायचं नाही)

एव्हीआयएफ म्हणजे फोटो लहान फाइलमध्ये साठवणारा नवा फॉरमॅट. "सगळे फोटो एव्हीआयएफ करा, जेपेग डिलीट मारा, साइट पळायला लागेल" असं सर्रास सांगितलं जातं. पहिली गोष्ट करा, दुसरी अजिबात करू नका. गूगलने वेबपी (असाच आधीचा फॉरमॅट) २०१० मध्ये आणलं आणि ते सफारीत चालायला २०२० उजाडलं. एव्हीआयएफ क्रोममध्ये २०२० ला आलं, फायरफॉक्समध्ये २०२१ ला, आयफोनवर आयओएस १६ बरोबर २०२२ ला, आणि मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरने तर २०२४ पर्यंत थांबवलं. जेपेग एक्सएल हा आणखी एक नवा फॉरमॅट, इतकं चांगलं असून क्रोमने २०२२ मध्ये ते काढायचं ठरवलं आणि पुढच्याच वर्षी सफारीने घेतलं! १९९२ चं जेपेग मात्र या सगळ्यात कुठेच अडलं नाही. म्हणून नवीन फॉरमॅट पुढे, जुना त्याच्या मागे, एवढंच करायचं.

१. ओरिजिनल फाइल घ्या. कॅमेऱ्यातली किंवा डिझायनरकडची. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको, ती आधीच दाबलेली असते.

२. साइज कमी करा. पानावर १२०० पिक्सेल दिसणार असेल तर ४००० ची फाइल ठेवू नका. निम्मं काम इथेच होतं.

३. कन्व्हर्ट करा. स्क्वूश हे फोटो कन्व्हर्ट करायचं साधन ब्राउझरमध्येच चालतं, दोन्ही फोटो शेजारी दिसतात, तेच वापरा. आता जरा नीट वाचा, कारण मला सगळ्यात जास्त डोकं याच पायरीवर लावावं लागलं आणि बहुतेक लेख इथे "क्वालिटी ८० ठेवा" म्हणून मोकळे होतात.

तो ८० चा आकडा विसरा. जेपेगचा ८० आणि एव्हीआयएफचा ८० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. मी एव्हीआयएफला ५५ च्या आसपास सुरुवात करतो आणि पुढे डोळ्यांनी ठरवतो. बघायचं कुठे तर चेहऱ्यावर नाही, कापडावर. एव्हीआयएफ कमी क्वालिटीला जेपेगसारखे चौकोन पाडत नाही, गुळगुळीत करतं, त्यामुळे पहिल्या नजरेत फोटो छानच वाटतो. पण पैठणीचा पदर १०० टक्के झूम करून बघा, जरीचे सुटे धागे जाऊन पिवळा पट्टा उरला असेल तर आकडा वाढवा. साडी विकणाऱ्याच्या साइटवर धागाच दिसला नाही तर फाइल लहान करून मिळवलं काय?

दुसरा आणि जास्त छळणारा प्रकार म्हणजे रंगीत अक्षरं. फोटोत उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा साठवतात, पण जागा वाचवायला रंग चार पिक्सेलना मिळून एकच ठेवतात, याला ४:२:० म्हणतात. निसर्गचित्रात हे कळतसुद्धा नाही. मरून पत्रिकेवर सोनेरी अक्षरात "आमंत्रण" लिहिलंय असं धरा, त्यातला अनुस्वार दोन-तीन पिक्सेलचा, त्याचा रंग शेजारच्या मरूनमध्ये मिसळतो आणि ठिपका मळकट होतो, वेलांटीची बारीक टोकं पण तशीच. लोक मग क्वालिटी ९५ करतात, फाइल फुगते आणि ठिपका तसाच राहतो, कारण दोष क्वालिटीचा नसतोच. लॉसी (म्हणजे थोडा तपशील टाकून फाइल लहान करणाऱ्या) वेबपीत ४:२:० शिवाय पर्यायच नाही, शार्प वाययूव्ही नावाचं सेटिंग चालू केलं की थोडं सुधारतं, पूर्ण नाही. एव्हीआयएफमध्ये क्रोमा ४:४:४ (म्हणजे रंगही प्रत्येक पिक्सेलचा वेगळा) ठेवता येतं, ते ठेवा. आणि सपाट रंगांची पत्रिका, लोगो, पोस्टर असेल तर माझं मत ठाम आहे, सरळ लॉसलेस (काहीच न गमावणारं) वेबपी करा, ते बहुतेक वेळा पीएनजीपेक्षा लहान बनतं आणि एक ठिपकाही हलत नाही.

खरं तर मजकूर चित्रात घालूच नये, पण पत्रिकेवाल्यांना कोण सांगणार.

४. पानाच्या एचटीएमएलमध्ये पिक्चर टॅग लिहा. आधी एव्हीआयएफचा सोर्स, मग वेबपीचा, शेवटी आयएमजी टॅगमध्ये जेपेग. प्रत्येक सोर्सला टाइप, म्हणजे फाइलचा प्रकार, द्या. ब्राउझर वरून खाली वाचतो आणि जे पहिलं समजेल ते उचलतो, म्हणून क्रम उलटा झाला तर एव्हीआयएफ कुणालाच मिळणार नाही. रुंदी, उंची आणि ऑल्ट (फोटोचं शब्दांतलं वर्णन) आयएमजी टॅगमध्येच. वर्डप्रेसवाल्यांनी लक्षात ठेवा, ५.८ पासून वेबपी आणि ६.५ पासून एव्हीआयएफ अपलोड होतं, पण हा टॅग वर्डप्रेस आपणहून बनवत नाही, त्याला प्लगिन लागतं.

५. सर्व्हर तपासा. एव्हीआयएफची लिंक थेट उघडल्यावर फोटो दिसायच्या ऐवजी डाउनलोड झाला तर सर्व्हर चुकीचा माइम टाइप (फाइल कुठल्या प्रकारची हे सांगणारी खूण) पाठवतोय. होस्टिंगवाल्याला "इमेज स्लॅश एव्हीआयएफ जोडा" म्हणून सांगा.

६. शेअरिंगचा फोटो आणि ईमेल: जेपेगच. लिंक पाठवल्यावर जो प्रिव्ह्यू येतो त्याचा फोटो ब्राउझर उघडत नसतो, तिथे पिक्चर टॅगचा काही उपयोग नाही. मेल उघडणारे जुने प्रोग्रॅम पण नवीन फॉरमॅट दाखवतीलच असं नाही.

झालं की क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये पान रिफ्रेश करा आणि टाइपच्या रकान्यात एव्हीआयएफ येतंय का बघा. जेपेग दिसलं तर चौथ्या पायरीचा क्रम आणि टाइपचं स्पेलिंग आधी तपासा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं.