पिच्चर बघून झाल्यावर "भारी आहे"च्या पुढं काय लिहायचं

बेळगावात पिच्चर बघणारे कमी नाहीत आणि बघून झाल्यावर त्यावर बोलणारे तर त्याहून जास्त, खडेबाजारात चहा घेताना, टिळकवाडीत कट्ट्यावर, खानापूरच्या बसमध्ये, कुठंही विषय काढा की तासभर चालतो. पण तीच माणसं लिहायला बसली की दोन ओळीत संपतं, स्टोरी छान, अ‍ॅक्टिंग मस्त, गाणी ठीक, एकदा बघायला हरकत नाही, साडेतीन स्टार. वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही, कारण हे कुठल्याही पिच्चरबद्दल लिहिता येतं. बोलताना मात्र तुम्ही एखादा सीन हातवारे करून सांगता, "अरे तो तिथं गप उभा राहतो बघ", आणि समोरच्याला पटतं. लिहिताना नेमकं तेच गळून जातं. तर माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की परीक्षणात पुरावा पाहिजे आणि तो पडद्यावरचा पाहिजे. तो कसा गोळा करायचा ते सांगतो.

त्याआधी आपल्या भागातली एक गोष्ट बोलायलाच पाहिजे. आपल्याकडं मराठी पिच्चर लागतो, शो कमी असतात, वेळ गैरसोयीची असते, आणि मग सगळीकडं मेसेज फिरतात की आपल्या भाषेचा सिनेमा आहे, जाऊन बघा. जावंच, मीपण जातो आणि चार जणांना घेऊन जातो. पण तिकीट काढणं वेगळं आणि परीक्षण लिहिणं वेगळं. पिच्चर फसलाय हे दिसत असताना मराठी आहे म्हणून चार स्टार दिले, तर पुढच्या वेळी खरंच चांगला मराठी पिच्चर आल्यावर तुमच्या चार स्टारवर कोण विश्वास ठेवणार? उलट बाजूनंही तेच. कन्नड आहे म्हणून न बघताच नाक मुरडणारे आहेत, आणि ते स्वतःचंच नुकसान करून घेतात, कारण मराठी, हिंदी आणि कन्नड, तिन्ही पिच्चर सबटायटलशिवाय बघू शकणारा प्रेक्षक पुण्या-मुंबईत सहज सापडत नाही, तो निपाणीत, चिकोडीत, वडगावात घरोघरी आहे. ही आपली मोठी ताकद आहे, ती कशी वापरायची ते पुढं येतंय.

आता कामाचं. पिच्चर पहिल्यांदा बघताना काहीही लिहायचं नाही, मोबाईल खिशात. नोट्स काढत बसलात की पिच्चर तुमच्यावर काम करतच नाही, तुम्हीच त्याच्यावर करत बसता. घरी आल्यावर मात्र झोपायच्या आधी वही घ्या आणि आठवतंय तेवढं लिहा, मत लिहू नका, दिसलेलं लिहा. कुठला चेहरा, कुठला आवाज, कुठं कंटाळा आला, कुठं श्वास अडकला, कुठं शेजारच्या खुर्चीवरचा माणूस हसला आणि तुम्ही नाही. सकाळी हे वाचलं की एक-दोन सीन आपोआप वर आलेले दिसतात. त्यातला एकच पकडायचा. सगळा पिच्चर एका लेखात बसवायला गेलं की गोष्टच सांगून संपते, आणि गोष्ट तर कुठंही वाचायला मिळते की.

तो सीन मग परत बघा, ओटीटीवर किंवा यूट्यूबवर असला तर थांबवून थांबवून. एकदा आवाज बंद करून बघा, कॅमेरा कुठं आहे, माणसाच्या जवळ की लांब, कोण फ्रेमच्या मधे आणि कोण कडेला ढकललेलं, शॉट किती वेळ टिकतो आणि नेमका कुठं कापलाय. मग एकदा स्क्रीनकडं पाठ करून नुसता ऐका. हे दुसरं लोक करत नाहीत आणि सगळ्यात जास्त माल तिथंच असतो. माझ्या मते आपल्याकडच्या परीक्षणांत आवाजाबद्दल जवळजवळ काहीच नसतं, गाणी कशी आहेत एवढंच येतं.

उदाहरणच घेऊ. प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू', १९३७ सालचा, व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन, ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. तरुण नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या काकासाहेबांशी लावून देतात आणि ती हे लग्न मानायलाच तयार होत नाही. शांता आपटे आणि केशवराव दाते. आता हा पिच्चर स्क्रीनकडं पाठ फिरवून ऐका, पार्श्वसंगीत नाहीच. घरातले, रस्त्यावरचे, वस्तूंचे खरे आवाज तेवढे आहेत. तुम्ही लिहिलं की "कुंकू हा काळाच्या पुढचा सिनेमा आहे" तर ते शंभर लोकांनी आधी लिहिलंय. पण तुम्ही असं लिहिलं की नीरा गप्प असते तेव्हा तिच्या मागं कुठलंच व्हायोलिन रडत नाही, त्यामुळं तिची कीव करायची सोय प्रेक्षकाला मिळत नाही, तिचा राग राग म्हणूनच ऐकावा लागतो, तर हे तुमचं निरीक्षण झालं. वाचणारा उठून ते तपासू शकतो, पटलं नाही तर भांडू शकतो. पुरावा म्हणतो तो हा.

जुने पिच्चर बघताना दोन चुका होतात, एक म्हणजे क्लासिक म्हणून आधीच हात जोडायचे, आणि दुसरी म्हणजे संथ आहे म्हणून पंधरा मिनिटांत बंद करायचा. 'संत तुकाराम' १९३६ चा, दामले-फत्तेलाल जोडीचा, १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे सगळं खरं, पण त्यानं तुमचं काम होत नाही. बघायचं काय तर विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम आणि गौरी यांनी केलेली त्याची बायको, दोघांची चाल बघा. तो जमिनीवर असून नसल्यासारखा, आवाज शांत, आणि ती पोरांच्या पोटाची काळजी करणारी, कंबर खोचून भांडणारी, घरातल्या कामात बुडालेली. एकाच फ्रेममध्ये दोन वेगळ्या प्रकारचा अभिनय चाललाय आणि पिच्चर दोघांनाही खरं मानतो, तिला मूर्ख ठरवत नाही. मला स्वतःला या पिच्चरचा जीव तिच्यातच वाटतो. तुम्हाला वेगळं वाटेल, लिहा, पण चाल, आवाज, हात दाखवून लिहा.

संदर्भ कळण्यासाठी थोडं वाचायला लागतंच आणि आपल्याला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. मराठी सिनेमाचं एक मोठं घर कोल्हापुरात आहे, बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी तिथलीच, प्रभातही १९२९ ला तिथंच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, प्रभातच्या त्या पुण्यातल्या जागेवर आज एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आहे. निपाणीवरून कोल्हापूर म्हणजे तासाभराचा रस्ता. आणि दुसऱ्या बाजूला धारवाड, जिथं नाटककार आणि नट गिरीश कर्नाड शिकले. 'उंबरठा' बघताना हे लक्षात ठेवा, १९८२ चा, जब्बार पटेलांचा, त्यात स्मिता पाटीलच्या नवऱ्याचं काम कर्नाडांनी केलंय, आणि तोच पिच्चर हिंदीत 'सुबह' म्हणून केला.

इथं आपली तीन भाषांची ताकद कामाला येते. एकच गोष्ट दोन भाषांत झाली असेल तर दोन्ही बघा आणि फरक लिहा. 'कुंकू' तेव्हाच हिंदीत 'दुनिया न माने' म्हणून झाला, हिरोईन तीच. 'सैराट' २०१६ ला आला, पुढच्या वर्षी कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' आला, त्यातपण रिंकू राजगुरूच, आणि २०१८ ला हिंदीत 'धडक'. तिन्ही लागोपाठ बघून एकच प्रश्न विचारा, मूळ पिच्चरमधलं काय गाळलं आणि ते गाळल्यावर काय कोसळलं? 'सैराट'मध्ये वर्गात पाटलाचा पोरगा प्रिन्स लोखंडे सरांच्या थोबाडीत मारतो तो सीन आठवा. गाण्यांच्या धुंदीत आपण तो विसरून जातो, पण गावात कुणाचा हात कुणावर उठू शकतो हे तिथंच सांगून ठेवलंय, पुढं जे होतं त्याची तयारी तिथं आहे. 'धडक' मला फिका वाटला त्याचं कारण कलाकार नव्हेत, जातीचा तो कणाच तिथं मऊ करून टाकलाय. आता याला तुम्ही विरोध करू शकता, पण मग तुम्हालाही सीन दाखवावा लागेल.

'सैराट'चं अजून एक, गाणी कुठं आहेत ते मोजून बघा. जवळजवळ तीन तासांचा पिच्चर, पण गाणी पहिल्या भागात, दोघं गाव सोडून पळाले की गाणी संपतात. सगळं थेटर झिंगाटवर नाचलं आणि त्याच थेटरात शेवटी टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, हा योगायोग नाही, रचना आहे. हे लिहायला कुठली पदवी लागत नाही, घड्याळ लागतं.

तुमच्या भागातलं तुम्हाला जे माहीत आहे ते लिहायला लाजू नका. सत्तरच्या दशकातला 'सामना' घ्या, विजय तेंडुलकरांचं लिखाण, निळू फुलेंचा हिंदुराव आणि श्रीराम लागूंचा मास्तर. मुंबईतला समीक्षक त्यावर सत्ता आणि नैतिकता असं लिहील, बरोबरच आहे ते. पण अथणी, रायबाग, चिकोडी पट्ट्यातल्या माणसानं ऊस, कारखाना आणि त्याभोवती फिरणारं गाव रोज बघितलंय. हिंदुराव दारू पाजताना, जेवायला वाढताना, जवळ बसवून घेताना किती प्रेमळ दिसतो, आणि त्या प्रेमळपणाची भीती का वाटते, हे तुम्ही जास्त चांगलं लिहू शकाल. जिथलं माहीत नाही तिथं मात्र थांबून विचारायचं. 'कांतारा'मधला भूतकोला हा तुळुनाडचा, किनारपट्टीचा विधी, आपण कर्नाटकात राहतो म्हणून आपल्याला तो कळतो असं नव्हे. त्या भागातल्या ओळखीच्या माणसाशी बोला, मग लिहा.

विनोदी पिच्चरला लोक विश्लेषणाच्या लायकीचा समजत नाहीत, हे मला अजिबात पटत नाही. 'अशी ही बनवाबनवी' सगळ्यांना पाठ आहे, १९८८ पासून माणसं त्याच जागांवर हसतायत, तर का हसतायत ते शोधा. प्रत्येक सीनला वहीत दोन रकाने करा, कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला माहीत नाही. प्रेक्षकाला सगळं माहीत असतं, घरमालकाला काहीच नसतं, आणि धनंजय माने मधे लटकलेला असतो. सत्तर रुपयांच्या सीनमध्ये अशोक सराफांचा चेहरा बघा, ते एकदाही हसत नाहीत, पूर्ण दुःखात आहेत. समोरचा माणूस हसवायला बसलाय असं वाटलं की विनोद मरतो, इथं तो माणूस अडचणीत आहे असं शेवटपर्यंत वाटतं. नवीन विनोदी पिच्चर का फसतात हे सांगायलासुद्धा हीच मोजपट्टी वापरा.

शेवट फोडायचा की नाही हा प्रश्न सगळे विचारतात. तुम्ही नवीन पिच्चरवर, न बघितलेल्या माणसासाठी लिहिताय तर फोडू नका, मध्यंतरापर्यंतच्या गोष्टींतून मुद्दा मांडा, मांडता येतो. बघितलेल्यांसाठी विश्लेषण लिहिताय तर वरच सांगून टाका की शेवट येणार आहे, आणि मग बिनधास्त लिहा, कारण 'फँड्री'सारख्या पिच्चरवर शेवटच्या दगडाबद्दल न बोलता लिहिताच येत नाही. त्यातल्या जब्या या पोरानं फेकलेला दगड सरळ कॅमेऱ्याकडं येतो आणि अंधार होतो. तो कुणाला लागला, गावाला की थेटरात बसलेल्या आपल्याला, यावर पानभर लिहिता येईल. पण त्याआधी शाळेच्या भिंतीवरच्या महापुरुषांच्या चित्रांसमोरून डुक्कर उचलून नेतात तो शॉट नीट बघा, तिथं कुणी एक शब्द बोलत नाही, भाष्य सगळं भिंतीनं केलंय.

लिहिताना पहिल्या वाक्यात सीन आणा, पिच्चर कधी आला, बजेट किती, कमाई किती, हे खाली गेलं तरी चालतं. श्रेयनामावली थांबवून नावं नीट उतरवून घ्या आणि हिरो-हिरोईनवर थांबू नका. 'सैराट'चं छायाचित्रण सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचं आणि संकलन कुतुब इनामदार यांचं, तुम्ही फ्रेमचं किंवा कटचं कौतुक करताय तर ते त्यांच्या नावानं करा की, दरवेळी दिग्दर्शकाच्याच खात्यात कशाला? अप्रतिम, जबरदस्त, काळजाला भिडणारा, असे शब्द पहिल्या खर्ड्यात येऊ द्या, नंतर प्रत्येकापुढं "कुठं?" असं लिहा. उत्तर म्हणून सीन सापडला तर सीन ठेवा आणि विशेषण काढा. नाही सापडला तर दोन्ही काढा.

टीका करतानाही तसंच, "दुसरा हाफ स्लो आहे" असं नको, कुठल्या सीनला पिच्चर थांबला आणि तो सीन नसता तर काय बिघडलं असतं ते सांगा. कलाकाराच्या रंगावर, जाडीवर, बोलीवर काही लिहायचं नाही. आपली बोली ऐकून पुण्याकडचे लोक हसतात तेव्हा आपल्याला कसं लागतं ते आपल्याला माहीत आहे.

पहिल्यांदा लिहिताय तर चारशे शब्द भरपूर झाले, एक पिच्चर, एक सीन. झाल्यावर घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा, शक्यतो ज्यानं पिच्चर बघितला नाही त्याला. तो मधेच "मग?" म्हणाला तर चाललंय, आणि "म्हणजे काय?" म्हणाला तर त्याच वाक्यावर परत जाऊन तिथं काय दिसलं होतं ते लिहा.