मरळीसाठी रॉड घेण्याआधी

शेजारचा पोरगा परवा मोबाईल घेऊन आला. "काका, हा रॉड मागवू का? बास फिशिंगचा आहे, ऑफर आजच संपतीये."

मी विचारलं, "मासा कुठं धरणार?"

"हिप्परग्याला." हिप्परगा म्हणजे आमचा सोलापूरजवळचा तलाव.

"मग आधी नुसताच हिप्परग्याला जाऊन ये. सकाळी सहाला पोहोच, तासभर काठावर बस, आणि पाण्यात काय काय उगवलंय ते मला येऊन सांग."

त्याला वाटलं मी टाळतोय. पण नवीन माणसाची चूक इथंच होते. तो आधी रॉड घेतो, मग दुकानदार देईल ती लाइन, म्हणजे गळाचा दोरा, भरतो आणि शेवटी रंग बघून लुअर, म्हणजे खोटं आमिष, उचलतो. माझ्या मते क्रम बरोबर उलटा हवा. आधी पाणी बघायचं, त्या पाण्यात चालेल असा लुअर ठरवायचा, तो लुअर पेलेल अशी लाइन घ्यायची आणि रॉड सगळ्यात शेवटी. मी एकतीस वर्षं यंत्रमागावर जॉबर आहे, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारा. कापड कुठलं काढायचं हे ठरल्याशिवाय सूत कुणी घेत नाही.

आधी या बासचं सांगतो, कारण रॉडवर, रीलवर, लुअरच्या पाकिटावर सगळीकडे त्याचंच नाव असतं. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे साधारण दहा किलोंचा बास धरला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं, आणि तीही जपानमधल्या बिवा तलावात मनाबू कुरिता यांनी केली. अमेरिका आणि जपान, दोन्हीकडे बासचं वेड असल्यामुळे बरंचसं सामान त्याच्या मापानं बनतं. आपल्याकडे बास नाही, आणि कुणी आणूही नये. जपानलाही तो बाहेरूनच आला, आणि आता तिथल्या मूळच्या माशांना खातो म्हणून त्याच्यावर कायद्यानं बंधनं आहेत. उजनी धरणात चिलापीनं, म्हणजे अशाच बाहेरून आलेल्या तिलापिया माशानं, काय केलं ते आपण बघतोच आहोत.

पण बाससाठी बनलेलं सामान आपल्या मरळीला चपखल बसतं. दोघंही गवतात दबा धरून बसतात आणि वरून काही गेलं की झडप घालतात. फरक दोन आहेत. मरळीचा जबडा जास्त हाडाचा आणि दातांचा, त्यामुळे गळ रुतवायला जोर जास्त लागतो. आणि मरळ हवेतला श्वास घेते, म्हणून ती थोड्या थोड्या वेळानं पाण्यावर येऊन "पुच्च" करून जाते. तो आवाज आणि ते वर्तुळ ओळखायला शिकलात, तर महागड्या सामानापेक्षा जास्त उपयोग होईल. आमच्या पूर्व भागातले तेलुगू शेजारी हिला कोर्रमीनू म्हणतात. तेलंगणाचा तो राज्यमासा आहे.

पोरगा खरंच जाऊन आला. म्हणाला, "काका, काठाला पानकणीस आहे, पुढे हिरवं शेवाळ, मध्ये मध्ये मोकळी भोकं. एका बाजूला येडी बाभळ पाण्यात बुडालीये." मी म्हणालो, आता तुझा लुअर ठरला.

अशा पाण्यात बेडूकच लागतो. बाजारात मिळणारा पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर तोंड करून असतात, त्यामुळे तो शेवाळावरून, बाभळीच्या फांदीवरून न अडकता सरपटत येतो. मरळीनं जबड्यात दाबला की अंग चेपतं आणि गळ उघडे पडतात. म्हणून घेताना एकच परीक्षा करायची, अंगठा आणि बोटात धरून दाबायचा. सहज चेपून गळाची टोकं बाहेर आली पाहिजेत. स्वस्तातले बरेचसे बेडूक जाड रबराचे असतात. दिसायला हुबेहूब, पण मरळ चावते आणि पाटी कोरी. गळ बारीक तारेचा असेल तरी ठेवून द्या, कारण हाडात रुतताना तो उघडतो. वजन १० ते १५ ग्रॅम. त्याहून हलका वाऱ्यावर जात नाही, आणि दुपारनंतर आपल्याकडे वारा असतोच.

रंगाचा फार विचार करू नका. मासा बेडकाला खालून बघतो, पाठीवरची नक्षी त्याला दिसतच नाही. मी दोनच ठेवतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला काळा, उन्हात पांढऱ्या पोटाचा हिरवा. आभाळाच्या उजेडासमोर काळ्याची आकृती सगळ्यात ठळक उठते.

एक सवय मात्र मोडावी लागेल. पाणी उसळलं की हात आपोआप झटका देतो आणि बेडूक माशाच्या तोंडातून निघून तुमच्या अंगावर येतो. थांबायचं. रॉडचं टोक खाली न्यायचं, लाइन ताणली गेल्याचं हाताला कळू द्यायचं, आणि मग दोन्ही हातांनी जोरात ओढायचं. हे अंगात मुरायला माझे दोन पावसाळे गेले.

बाकीचे लुअर थोडक्यात. पहिल्या पावसानं पाणी गढूळ झालं की स्पिनरबेट घ्या. त्याची पाती फिरते, ती थरथर माशाला न दिसताही कळते. शेवाळातल्या भोकांसाठी मऊ रबरी मासोळी, पण गळाचं टोक रबरातच लपवलेली. पॉपर आणि क्रँकबेट, म्हणजे तीन तोंडी गळाचे कडक लुअर, हिप्परग्याला नेऊ नका, पहिल्याच फेकीत बाभळीला देऊन याल. ते उजनीच्या मोकळ्या पाण्यासाठी. आणि चिलापीच धरायची असेल तर लुअरच्या नादाला लागू नका, गांडूळ किंवा कणकेचा गोळा बरा.

आता लाइन. इथं मी जरा वेळ घेणार आहे, कारण मासा बहुतेक वेळा इथंच सुटतो, आणि सूत हा माझा रोजचा विषय आहे.

तीन जाती आहेत. नायलॉन, म्हणजे आपला नेहमीचा तंगूस. दुसरी फ्लुरोकार्बन, दिसायला तंगूससारखीच पण जड. आणि तिसरी ब्रेड, म्हणजे बारीक तंतूंचा विणलेला गोफ.

तंगूस ताणला की लांबतो. तीस मीटर लाइन बाहेर असेल आणि ती दहा टक्के लांबली, तरी तीन मीटर झाली. तुम्ही रॉड मागे ओढता, ती ओढ लाइनच्या लांबण्यातच जिरते आणि मरळीच्या हाडापर्यंत पोहोचत नाही. माझी पहिली मोठी मरळ अशीच गेली. चांगली हातभर होती, तोंड उघडून मान झटकली आणि बेडूक टाकून दिला. फ्लुरोकार्बन पाण्यात फारशी दिसत नाही हे खरं, पण तिची घनता पाण्याच्या पावणेदोनपट असल्यामुळे ती बुडते आणि बेडकाचं नाक खाली ओढते. ब्रेड ज्या पॉलिथिलीनची बनते ते पाण्यापेक्षा किंचित हलकं. ती तरंगते, जवळजवळ लांबत नाही आणि शेवाळ करवतीसारखं कापत येते. बेडकाला ब्रेडच.

जाडी किती? पाकिटावर पीई ३, पीई ४ असं लिहिलेलं असतं आणि लोक त्याला नुसता नंबर समजतात. हा नंबर आपल्या धंद्यातला आहे. जपानी मापात पीई १ म्हणजे २०० डेनियर. डेनियर म्हणजे ९००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन, हे सोलापुरात वेगळं सांगायला नको. म्हणजे पीई ३ म्हणजे ६०० डेनियर, आणि तिच्या १५० मीटरचं वजन भरलं पाहिजे १० ग्रॅम. वरच्या लेपाचं थोडं जास्त धरा. मी एकदा स्वस्तात मिळालेल्या तेवढ्याच लांबीच्या पीई ३ ची फिरकी, लाइन रीलवर भरण्याआधी आणि नंतर, सुताच्या काट्यावर तोलली. लाइन भरली १७ ग्रॅम, म्हणजे ती पीई ५ होती. जाड लाइनवर लहान नंबर छापला की ती बारीक असून भक्कम आहे असं वाटतं. तुमच्याकडे काटा नसेल तर ओळखीच्या सोनाराकडे तोलून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

हिप्परग्याच्या गवताला पीई ३ ते ४, म्हणजे साधारण ४० ते ५० पौंडांची लाइन. पदर चार असतात किंवा आठ. आठ पदरी गुळगुळीत, गोल, लांब जाते, आवाज करत नाही. चार पदरीतला एकेक पदर जाड असतो, म्हणून दगडाला, बाभळीला घासली तरी जास्त तग धरते. बंधाऱ्याच्या दगडी पिचिंगवर उभं राहून फेकणाऱ्यानं चार पदरीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. नवी ब्रेड कांजी दिलेल्या ताण्यासारखी कडक लागते. आठ-दहा खेपांत लेप जातो, रंग उडतो, ती मऊ पडते. त्याची काळजी नको. काळजी कशाची, तर नखावरून ओढताना जिथं पदर फुगलेला, केसाळ लागतो तिथं. तेवढी कापून टाका.

रीलवर भरताना तळाला आधी दहा-पंधरा मीटर तंगूस गुंडाळा, नाहीतर गुळगुळीत ब्रेड फिरकीवरच गरगर घसरते. गाठ पालोमार नावाची घाला. तंगूसाला चालणारी साधी पीळगाठ ब्रेडवर सरकून सुटते. ओढण्यापूर्वी गाठ थुंकीनं ओली करा, कारण या तंतूचा वितळणबिंदू नायलॉनपेक्षा कितीतरी खाली आहे आणि घर्षणाची ऊब त्याला सोसत नाही. गवतात बेडूक सरळ ब्रेडलाच बांधायचा. उजनीत शिवडा लागण्याची शक्यता असेल, तर मात्र पुढे हातभर ६० पौंडांचा जाड तंगूस जोडा. त्याचे बारीक दात ब्रेड कुरतडतात.

हे एवढं ठरल्यावर रॉडचं काम सोपं होतं. रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. लुअरचं वजन औंसात असतं. १/४ ते १ औंस म्हणजे ७ ते २८ ग्रॅम, आपला बेडूक त्यात आरामात बसतो. ताकद मीडियम हेवी किंवा हेवी. ॲक्शन फास्ट, म्हणजे फक्त टोकाचा भाग वाकतो आणि खालचा दांडा मरळीला गवतातून उपसायला ताठ राहतो. पोरगा जो ऑफरमधला रॉड दाखवत होता तो अल्ट्रालाइट होता, ५ ग्रॅमपर्यंतचा. सुंदर होता, पण छडीसारखा. ५० पौंडांची लाइन त्यावर भरली असती तर लाइन राहिली असती आणि रॉड तुटला असता.

लांबी बंधाऱ्यावरून सात फूट, झुडपातून साडेसहा. मोटारसायकलवर जाणार असाल तर दोन तुकड्यांचा घ्या आणि सांधा दुकानातच घालून हलवून बघा, खुळखुळ नको. कानात घालतात ती कापसाची काडी, लाइन जाते त्या प्रत्येक कडीतून फिरवा. कापूस अडकला तर कडीला चीर आहे, ती ब्रेडचे पदर कापणार. कार्बनचा रॉड हलका आणि हाताला सगळं सांगणारा, पण आपटला की संपला. फायबरचा जड, तरी पहिल्या वर्षी तो वाईट नाही. मासा जवळ आल्यावर रॉड उभा सरळ डोक्यावर कधी धरू नका, टोक तिथंच मोडतं.

कार्बनबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ही मी प्रत्येकाला हात धरून सांगतो. कार्बनमधून वीज वाहते. उजनीच्या काठाला शेतकऱ्यांच्या मोटारींच्या वायरी माणसाच्या उंचीपासून थोड्याच वर लोंबतात. सात फुटांचा रॉड खांद्यावर टाकून त्याखालून जाऊ नका. आणि वळवाचं आभाळ भरून आलं, की रॉड आडवा ठेवून काठ सोडा.

रील ३००० मापाची स्पिनिंग घ्या, पुढचं पुढं. बेटकास्टर, म्हणजे जिची फिरकी अंगठ्यानं आवरायची ती रील, गवतात ताकदीची असते, पण अंगठ्याचा अंदाज येईपर्यंत तिच्यात लाइनचा गुंता होतो आणि नवीन माणूस सकाळभर तोच सोडवत बसतो. मोकळ्या पाण्यात ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी लाइन सोडणारा रीलचा ब्रेक, लाइनच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाइतका लावा. गवतात जवळजवळ आवळलेला. तिथं मरळीला एक हात जरी मोकळा मिळाला तरी ती मुळांत शिरते.

जाण्यापूर्वी विचारून जा. तलावातली मासेमारी ठेक्यानं मच्छीमार सोसायट्यांकडे दिलेली असते, आणि तो त्यांचा पोटाचा धंदा आहे. मला आजवर कुणी "नाही" म्हटलेलं नाही. उलट मरळ कुठल्या बाजूला आहे ते तेच सांगतात. पावसाळ्यात गवताच्या कडेला लालसर पिलांचा झुंबडा पाण्यावर उकळल्यासारखा दिसेल. त्याच्याखाली आई-बाप पहारा देत असतात आणि जवळून जाणाऱ्या कशावरही तुटून पडतात. तिथं बेडूक टाकला तर मरळ हमखास लागते. टाकू नका. ती जोडी काढली की इतर मासे तो सगळा झुंबडा फस्त करतात.

मे महिन्यात लुअरचा डबा गाडीच्या डिकीत ठेवू नका. मऊ रबर वितळून एकमेकांना आणि डब्याला चिकटतं. घरी आल्यावर बेडूक पिळून आतलं पाणी काढा, गळ पुसा, आणि लाइनचा शेवटचा एक मीटर न बघता कापा. तो तुकडा तिथं काठावर नाही, घरी आणून कचऱ्यात. उजनीला मी एका बगळ्याच्या पायातून ब्रेडचा गुंता कात्रीनं काढला आहे. लाइन तरीही शाबूत होती, पण पायाचं एक बोट काळं पडलं होतं.