पावसाआधी पुस्तकांचा पुरुमेंत

गोव्यात बदली होऊन येणारी बरीचशी मराठी कुटुंबं मे-जूनमध्येच येतात. सामानाचा ट्रक उतरतो, गॅसची जोडणी होते, मुलांचे गणवेश येतात आणि तेवढ्यात पाऊस येऊन ठेपतो. तो मग सप्टेंबरपर्यंत मुक्कामालाच असतो. आम्हीही असेच आलो. माझं माहेर सांगलीचं. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे नेमकं काय, हे मला पहिल्या पंधरा दिवसांत कळलं. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि मुलगा तीनचा. कुणाशी ओळख नाही, खेळायला अंगण नाही, संध्याकाळी लाईट जाते. त्या पावसाळ्यात आम्हाला वाचनालयाने सांभाळलं. म्हणून नवीन आलेल्या कुणी विचारलं की इथे मुलांचं मन कसं रमवायचं, तर मी आधी हेच सांगते: शाळेतला प्रवेश झाला की लगेच वाचनालयाचं कार्ड काढा.

गोव्यात ‘पुरुमेंत’ असा एक शब्द आहे. पोर्तुगिजांकडून आलेला, आता पक्का गोव्याचा झालेला. पावसाआधी घरात भरून ठेवायची बेगमी म्हणजे पुरुमेंत: सुकी मासळी, मिरच्या, सोलां (म्हणजे आमसुलं), चिंच, उकडे तांदूळ, कांद्याच्या माळा. मे महिन्यात म्हापशाच्या आणि मडगावच्या बाजारात बायका पिशव्या भरभरून हे नेताना दिसतील. आमच्या घरात त्या यादीत आता पुस्तकंही असतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात चौघांच्या चार कार्डांवर मिळतील तेवढी पुस्तकं आणायची आणि पहिली दोन तरी पाऊस सुरू होईपर्यंत उघडायची नाहीत, असा नियम मुलीने केला आणि तो आजतागायत पाळला जातो.

कुठे जायचं? पणजीत पाटो भागात, कदंब बसस्टँडच्या जवळ, कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली ‘पब्लिका लिवरारिया’ या नावाने सुरू झालेलं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. मुलांसाठी तिथे स्वतंत्र विभाग आहे. मुलांना हे नाव कुणाचं तेही सांगा. कृष्णदास शामा सोळाव्या शतकात दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या केळशी गावचा आणि त्याने कृष्णाची कथा मराठीत लिहिली. पाचशे वर्षांपूर्वी इथे मराठीत लिहिणारा माणूस होता, हे कळल्यावर माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला नीट शब्दांत सांगता येत नाही. ‘म्हणजे आपण इथे पहिले नाही,’ एवढंच ती म्हणाली.

दक्षिणेकडे राहायला असाल तर नावेलीला डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोमिश जिल्हा ग्रंथालय आहे. पणजीत ‘बुकवर्म’ ही मुलांची लायब्ररी २००५पासून चालते. तिथली माणसं गावांत आणि शाळांतही पुस्तकं घेऊन जातात. याशिवाय बऱ्याच गावांत पंचायतीचं किंवा एखाद्या संस्थेचं छोटं वाचनालय असतं. रोजच्या उपयोगाला तेच. मोठ्या ग्रंथालयात महिन्यातून एकदा जाणं होतं, गावच्या वाचनालयात मूल दूध आणायला गेल्यासारखं जाऊन येतं. कार्ड काढायला जाताना ओळखपत्र, फोटो, मुलाच्या शाळेचा काही कागद आणि पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा. भाड्याने राहत असाल तर भाडेकराराची झेरॉक्स. थोडी अनामत भरावी लागू शकते. मुलाच्या नावाचं कार्ड निघत असेल तर ते मुलाच्याच हातात द्या आणि सही त्यालाच करू द्या. वाकडी का होईना.

आता पावसाची गोष्ट, कारण इथे चूक मी केली होती. पहिल्याच जुलैत गावच्या वाचनालयातलं एक जाड चित्रांचं पुस्तक मी खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. रात्री वाऱ्याने झड आत आली. सकाळी पुस्तक पावासारखं फुगलेलं, गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटायला लागलेली. मुलगी रडायला लागली, कारण पुस्तक तिच्या कार्डावर होतं. मी घाबरून ते दाबून बंद केलं आणि वर पाटा ठेवला. नेमकं हेच करायचं नसतं. चकचकीत कागद मिटलेला वाळला की कायमचा चिकटतो. शेजारच्या काकूंनी ते माझ्या हातातून घेतलं, पंख्याखाली उभं केलं, दर दोन-तीन पानांमध्ये साध्या वहीचा कोरा कागद घातला आणि तासातासाने ते कागद बदलायला आम्हाला बसवलं. इस्त्री नाही, ऊन नाही, फक्त वारा. पूर्ण कोरडं झाल्यावर मग दोन फळ्यांमध्ये वजन. दोन पानं शेवटपर्यंत सुटली नाहीत. मुलीने ते स्वतः काउंटरवर नेलं आणि काय झालं ते सांगितलं. तिथल्या बाईंनी पुस्तक उलटसुलट पाहिलं, भरपाईचं काय ते मला सांगितलं आणि तिला विचारलं, ‘आनी गोष्ट? ती वाचून जाली मगो?’ त्या दिवसापासून ते वाचनालय तिचं झालं.

तेव्हा पावसाळ्यात पुस्तकांचं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, दोन-तीन बोटांची फट ठेवा. पुस्तकं गच्च कोंबू नका, हवा खेळली पाहिजे. ने-आण करायला चेनची जाड प्लास्टिकची पिशवी, ती दप्तराच्या आत. वाळवलेला कडुलिंबाचा पाला फडताळात ठेवला की कसर कमी लागते. आणि एखाद्या पुस्तकाला बुरशीचा वास आला तर ते बाकीच्यांतून लगेच वेगळं काढा.

लाईट गेली की मोठ्याने वाचायचं. हा आमचा पावसाळ्यातला ठरलेला कार्यक्रम. बॅटरी एकाने धरायची, एकाने वाचायचं, दर पाच पानांनी अदलाबदल. लहान मूल वाचू शकत नसेल तर बॅटरी त्याच्याकडे. वाचणारा कुठे थांबेल हे बॅटरीवाला ठरवतो. तीन वर्षांचा माझा मुलगा एवढ्या एका अधिकारासाठी तासभर जागेवरून हलायचा नाही.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधीचे आठ दिवस मात्र पुस्तकं घरात ठेवून बाहेर पडा. किंवा पुस्तक घेऊनच बाहेर पडा. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं, फुलं, शेंगा, वेली बांधतात. ती माटोळी. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठल्याही बाजारात त्या आठवड्यात माटोळीच्या सामानाच्या राशी लागतात. नारळांचा घोस, सुपारीचा घड, चिबूड, तोरिंग (मोठ्या लिंबासारखं फळ) आपण ओळखतो. पण घागऱ्यो, कांगलां, कवंडळ, माट्टीची फळं? आम्ही वाचनालयातून झाडांचं एक सचित्र पुस्तक घेऊन बाजारात गेलो होतो. सत्तरी तालुक्यातून आलेल्या एक आजी पोत्यावर बसल्या होत्या. मुलाने एक सुकी शेंगांची जुडी उचलली, ती कानाजवळ हलवली आणि आत बिया छुम छुम वाजल्या. घागऱ्यो. नाव ऐकण्याआधी त्याला आवाज कळला होता. आजींनी पुस्तकातलं चित्र पाहिलं, मान हलवली आणि पुस्तकात नसलेली आणखी चार नावं सांगितली. ती आम्ही वहीत लिहून घेतली. प्रत्येक चवथीला त्या वहीत भर पडते. आता त्या वहीत एकेचाळीस नावं आहेत, वाळवलेल्या पानांसकट. कला व संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धाही घेतं. ओळखीच्या कुणाकडे स्पर्धेतली माटोळी असेल तर मुलांना जरूर दाखवा.

दिवाळीत नरकासुर असतो. वाड्यावाड्यावर मुलं आठवडाभर कागद चिकटवत बसलेली असतात आणि चतुर्दशीच्या पहाटे तो जाळतात. तुमच्या मुलांना त्यांच्यात जाऊ द्या. गोष्ट वाचायला नंतर भरपूर वेळ आहे. पाठोपाठ नोव्हेंबरात बालदिन येतो आणि १४ ते २० राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. वाचनालयांमध्ये गोष्टी, चित्रकला, पुस्तकांची प्रदर्शनं असं काही ना काही याच सुमारास होतं. फळ्यावर सूचना लागायची वाट पाहू नका, ऑक्टोबरातच काउंटरवर विचारून या. आणि जमत असेल तर स्वतःहून सांगा की मी मुलांना मराठी गोष्ट वाचून दाखवीन.

मी तसं सांगितलं होतं आणि त्यातून मला सर्वांत मोठी गोष्ट मिळाली. शनिवारी दुपारी, एक सतरंजी, सात मुलं, त्यांतली पाच घरी कोंकणी बोलणारी. गोष्टीत खार आली. मी वाचलं, ‘खार झाडावर चढली.’ एक मुलगी म्हणाली, ‘ती चानी.’ मी म्हटलं, बरं, चानी. पुढे बेडूक आला. ‘बेबो!’ फुलपाखरू आलं. ‘पिसोळें!’ गोष्ट तिथेच राहिली आणि आम्ही खडूने फळ्यावर दोन रांगा केल्या. माझ्या मुलांनी त्या दिवशी कोंकणी शिकायला सुरुवात केली आणि त्या मुलांनी मराठी पुस्तक हातात घेतलं. नवीन आलेल्या आईवडिलांना धाकधूक असते की मुलांची मराठी सुटेल किंवा कोंकणीत मुलं मागे पडतील. दोन्ही भाषांमध्ये गोष्टी ऐकणाऱ्या मुलाचं तसं होत नाही, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे. घरात मराठी वाचत राहा, दारात कोंकणी ऐकत राहा. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी आणि कोंकणी दोन्हींतली चित्रपुस्तकं फुकट वाचायला मिळतात. एकच गोष्ट दोन्ही भाषांत सापडली तर शेजारी शेजारी ठेवून वाचा. मराठी मासिक हवं असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ आहे, १९७१पासून निघतंय. इंटरनेटवर त्याचे जुने अंकही वाचायला मिळतात.

थंडी इथे नावापुरती, पण डिसेंबर-जानेवारी म्हणजे हिंडायचे दिवस. नाताळात घराघरांत येशूच्या जन्माचा देखावा, म्हणजे गोठा, मांडलेला असतो, चांदण्या लागतात. शेजारी बोलावतील, जरूर जा. आमच्यात एक पद्धत पडली आहे: पुस्तकात जे वाचलं ते गोव्यात कुठे आहे ते शोधायचं. पक्ष्यांचं पुस्तक आणलं की रायबंदरहून फेरीने चोडणला सलीम अली अभयारण्यात, नाहीतर करमळीच्या तळ्यावर. छापखान्याबद्दल वाचलं तेव्हा जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजची उरलेली कमान पाहायला गेलो. १५५६ साली भारतातला पहिला छापखाना त्याच कॉलेजात सुरू झाला. पाहायला आता फक्त कमान आहे, पण त्या कमानीखाली उभं राहून हातातल्या पुस्तकाचं पान मुलाने बोटाने घासून पाहिलं. आणि मगरीच्या गोष्टीचं म्हणाल तर मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात खऱ्या मगरी आहेत. फोंडा तालुक्यात खाजन शेती, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेती, करणाऱ्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. तिला म्हणतात मांगे थापणी. मगर गोष्टीत नेहमी दुष्ट असते. इथे ती बांधाची राखणदार. माझ्या मुलाने त्या वर्षी वाचनालयातली मगरीची गोष्ट परत लिहून काढली, शेवट बदलून.

शिगम्याचे, म्हणजे गोव्यातल्या शिमग्याचे, दिवस धामधुमीत जातात आणि परीक्षा येतात. त्या काळात वाचन कमी झालं तर मुलांच्या मागे लागू नका. एप्रिलमध्ये मानकुराद आंबा बाजारात आला की आपोआप सगळे परत सतरंजीवर येतात. दुपारी बाहेर पडवत नाही, पंखा असतो, हात रसाने बरबटलेले असतात. म्हणून आमच्याकडे आंब्याच्या वेळी एकच जण वाचतो, त्याचे हात धुतलेले.

मेमध्ये गावी जायच्या आधी सगळी पुस्तकं परत करा. कपाटाखाली, गाडीच्या डिकीत, आजीच्या उशाशी शोधा. आमचं एक पुस्तक एकदा सांगलीला जाऊन आलं होतं. आणि परत येताना सांगली-कोल्हापूर-पुण्याहून मुलांची दोन-तीन नवी मराठी पुस्तकं जास्तीची आणा, गावच्या वाचनालयाला द्यायला. आधी काउंटरवर विचारून घ्या, म्हणजे तिथे कशाची गरज आहे ते कळतं. आमच्या मागच्या घरातल्या मुलीला, तीच ती चानीवाली, हे माहीत झालं आहे. आमची गाडी फाटकाशी थांबली की सामान उतरायच्या आत ती कठड्यावर चढून विचारते, ‘म्हजें पुस्तक हाडलें?’