मुलाखतीतली देहबोली: या चुका टाळा

मुलाखतीच्या तयारीच्या वर्गांत एक हिशोब हमखास ऐकायला मिळतो: बोलण्याच्या परिणामात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५. पहिली चूक म्हणजे यावर विश्वास ठेवणं. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतले आहेत. त्यांत लोकांना एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवला, चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, एवढंच ओळखायला सांगितलं. कामाविषयीच्या प्रश्नांना हा हिशोब लागू होत नाही, आणि मेहराबियन यांनीही त्याची मर्यादा सांगितलेली आहे. तरीही मुलं शेवटचे दोन दिवस आरशासमोर घालवतात आणि स्वतःच्याच प्रोजेक्टवरच्या दुसऱ्या प्रश्नाला अडखळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आत जाण्याआधी कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहायचा सल्लाही असाच. त्यामुळे शरीरातली संप्रेरकं बदलतात, असं २०१० च्या एका अभ्यासात म्हटलं होतं. २०१५ मध्ये मोठ्या गटावर तपासणी झाली तेव्हा तो बदल आढळला नाही. मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डाना कार्नी यांनीही २०१६ मध्ये आपला त्या परिणामावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. ती दोन मिनिटं शांत बसून पाणी प्यायला वापरा.

देहबोलीकडून अपेक्षा माफक ठेवा. तुमचं उत्तर ऐकताना समोरच्याचं लक्ष दुसरीकडे जाऊ नये, इतकं साधलं की पुरे.

नजर खाली जाते. आपल्याकडे अनेक घरांत मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणं उद्धटपणाचं मानतात. लहानपणापासून खाली बघायला शिकलेला मुलगा एका दिवसात ते सोडू शकत नाही, आणि मुलाखत घेणाऱ्याला मात्र वाटतं की याला उत्तर येत नाही. डोळ्यांत बघणं जड जात असेल तर समोरच्याच्या भुवयांच्या मध्ये बघा. टेबलापलीकडून फरक कळत नाही. उलट, ‘नजर हटवू नकोस’ हे ऐकून कोणी टक लावून बसतं, तेही ऐकणाऱ्याला अवघडून टाकतं. विचार करताना नजर क्षणभर बाजूला जाणं अगदी स्वाभाविक आहे. ती परत आणा, एवढंच.

समोर तीन-चार जण असतील तर बहुतेक उमेदवार सर्वात वरिष्ठ वाटणाऱ्या व्यक्तीलाच उत्तर देत राहतात. ज्यांनी प्रश्न विचारला त्यांच्याकडे बघून सुरुवात करा, मधे इतरांकडे बघा, शेवटचं वाक्य पुन्हा विचारणाऱ्याकडे बघून संपवा. एमपीएससीच्या मंडळासमोरही हेच करा. तिथे हात पुढे करू नका, नमस्कार करा आणि बसायला सांगितल्यावर बसा. खासगी कंपनीतही समोरच्याने हात पुढे केला तरच मिळवा.

उत्तर न आल्याचा क्षण. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. जीभ चावणं, डोकं खाजवणं, ‘च्’ करणं, कपाळावर हात मारणं. प्रश्न एक हुकतो, पण ती घालमेल पुढच्या तीन उत्तरांत दिसत राहते. यावर उपाय आधीच ठरवलेलं वाक्य: ‘सर, हे मला आत्ता सांगता येणार नाही.’ मॅडम असतील तर मॅडम. ते एका दमात, नेहमीच्या आवाजात म्हणा आणि थांबा. घरी मित्राला मुद्दाम न येणारे प्रश्न विचारायला लावून याचाच सराव करा.

पाय हलतो, हात सापडत नाहीत. पाय हलवू नको, असं मनात घोकलं की सगळं लक्ष पायातच जातं. त्याऐवजी दोन्ही तळपाय जमिनीला टेकवा आणि पाठ खुर्चीला लावा. काठावर बसलात की पाय हलणारच. बॅग मांडीवर नको, खुर्चीशेजारी खाली ठेवा. हातात पेन नको. फिरती खुर्ची असेल तर पाय टेकवणं आणखी गरजेचं. बोलताना हात आपसूक हलले तर हलू द्या.

कधीकधी कारण अगदी साधं असतं. एसीच्या गारव्यात माणूस हाताची घडी घालतो आणि समोरच्याला ते आखडून बसणं वाटतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट किंवा कुर्ता घाला. ओढणी किंवा पदर सारखा सावरावा लागत असेल तर पिन लावा. कोरे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, ते चावतात आणि चालणं बदलतं.

बोलताना तोतरेपणा येत असेल किंवा हात कापत असेल तर लपवण्याचा आटापिटा नको. सुरुवातीलाच एका वाक्यात सांगितलं की समोरचेही सैल होतात.

ऑनलाइन मुलाखत. लॅपटॉप मांडीवर असला की कॅमेरा खालून नाकपुड्या दाखवतो. खाली चार जाड पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणा, आणि खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. बोलताना कॅमेऱ्याकडे, ऐकताना पडद्याकडे बघा. पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसतो तो चौकोन झाकून टाका, नाहीतर नजर तिथेच जाते. बाजूला उत्तरं लिहून ठेवली असतील तर वाचताना डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात आणि ते लगेच ओळखू येतं. परदेशी क्लायंट असेल तर होकार देताना आपण मान डोलावतो ती त्यांना नकारासारखी वाटू शकते, म्हणून तोंडाने ‘यस’ म्हणा.

सरावासाठी मोबाइलवर पाच मिनिटांचं उत्तर रेकॉर्ड करा. आधी आवाज बंद करून बघा, मग मोबाइल पालथा ठेवून फक्त ऐका. दर वेळी खटकणारी एकच गोष्ट निवडा आणि पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढीच सुधारा.